टॉनिकची बाटली घेण्याआधी : हिमोग्लोबिन, लोह आणि मेंदू

गडचांदूर, कोरपना, जिवती, राजुरा या पट्ट्यातले वाचक एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा विचारतात. मुलीचे अभ्यासात लक्ष लागत नाही, रक्त कमी असेल का? सुनेला चक्कर येते, कोणते टॉनिक द्यावे? घरात सिकलसेल आहे, मग शाळेत मिळणारी निळी गोळी खाऊ द्यायची की फेकून द्यायची? वडील विसरायला लागलेत, लोहाच्या गोळ्यांनी फरक पडेल का?

या सगळ्यांमागचा गोंधळ एकच आहे. आपण ‘रक्त कमी’ आणि ‘लोह कमी’ हे एकच धरून चालतो. बहुतेक जिल्ह्यांत ही चूक खपून जाते. चंद्रपूर-गडचिरोलीत ती महागात पडू शकते, कारण इथे रक्त कमी होण्यामागे लोहाच्या कमतरतेबरोबर सिकलसेल, थॅलेसेमिया, हिवताप आणि जंत हीही कारणे असतात. म्हणून औषधाच्या दुकानाची पायरी चढण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हातात असू द्या : लोह खरोखर कमी आहे का? आणि घरात सिकलसेल आहे का? पुढचे सगळे या दोन उत्तरांवर ठरते.

लोहाचा मेंदूशी संबंध, निर्णयापुरता

शरीरातले सुमारे दोन तृतीयांश लोह रक्ताच्या हिमोग्लोबिनमध्ये असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्क्यांच्या आसपास वापरतो. शिवाय मेंदूला लोह स्वतःच्या कामासाठीही लागते. डोपामिन आणि सेरोटोनिन ही लक्ष, उत्साह व मनःस्थिती सांभाळणारी रसायने बनवायला, मज्जातंतूंवरचे आवरण घडवायला आणि पेशींना ऊर्जा पुरवायला लोह हवेच.

यातून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात.

- साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर उतरते. त्यामुळे हिमोग्लोबिन ‘बरे’ असूनही लोह कमी असू शकते आणि थकवा, चिडचिड, एकाग्रता न होणे ही लक्षणे तेव्हाच सुरू झालेली असतात.
- पहिली दोन वर्षे सर्वांत नाजूक. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ आणि सहकाऱ्यांनी तान्हेपणी दीर्घकाळ लोह कमी राहिलेल्या मुलांचा पाठपुरावा तरुणपणापर्यंत केला. रक्त भरून आल्यावरही ती मुले बौद्धिक चाचण्यांत मागे राहिलेली दिसली. म्हणून बाळाच्या बाबतीत ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालत नाही.
- मोठ्या मुलांत आणि तरुण बायकांत सुधारणा होते. महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वर्षांच्या १४० मुलामुलींवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांना सहा महिने जास्त लोह असलेल्या बाजरीची किंवा साध्या बाजरीची भाकरी दिली होती. जास्त लोहाच्या गटात लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत अधिक प्रगती दिसली. लोह आधी कमी असेल तर ते भरून काढल्याचा डोक्याला फायदा होतो, हे यातून कळते. लोह पुरेसे असलेल्या मुलाला जास्तीच्या गोळ्या दिल्याने त्याची बुद्धी वाढत नाही.

शंका केव्हा घ्यावी?

डोळ्यांची खालची पापणी पांढरट दिसणे, धाप लागणे, चक्कर हे सगळ्यांना ठाऊक असते. खालची लक्षणे मात्र बहुधा स्वभावाच्या नाहीतर आळसाच्या खात्यावर टाकली जातात :

- माती, खडू, पाटीची पेन्सिल, भिंतीचे पोपडे किंवा कच्चे तांदूळ खायची सवय. मुलांना यासाठी मारू नका, रक्त तपासा. लोह कमी असलेल्या शरीरात रंगातले आणि मातीतले शिसेही जास्त शोषले जाते आणि तेही मेंदूला घातक असते.
- संध्याकाळी किंवा झोपताना पाय स्वस्थ न राहणे, सतत हलवावेसे वाटणे, त्यामुळे झोपमोड.
- लहान मूल रडता रडता श्वास कोंडून निळे पडणे.
- वर्गात पेंगणे, खेळातून अंग काढून घेणे, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागणे.
- नखे चपटी किंवा वाटीसारखी खोलगट होणे, तोंडाचे कोपरे फाटणे, केस गळणे.
- पाळी सात दिवसांहून जास्त चालणे, गाठी पडणे, तासा-दोन तासांत कापड किंवा पॅड भिजणे.

यांतले एखादे लक्षण असले म्हणजे लोह कमीच आहे असे नाही. तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणी : कोणती, कोणत्या क्रमाने

१. हिमोग्लोबिन. उपकेंद्रावर बोटातून थेंब घेऊन होते. ‘कमी’ ठरवण्याच्या नेहमीच्या मर्यादा अशा (ग्रॅम प्रति डेसिलिटर) :

- ६ महिने ते ५ वर्षे : ११ पेक्षा कमी
- ५ ते ११ वर्षे : ११.५ पेक्षा कमी
- १२ ते १४ वर्षे : १२ पेक्षा कमी
- स्त्रिया, गर्भवती नसताना : १२ पेक्षा कमी
- गर्भवती : ११ पेक्षा कमी
- पुरुष : १३ पेक्षा कमी

२. सीबीसी. यात हिमोग्लोबिनबरोबर लाल पेशींची संख्या आणि त्यांचा आकारही कळतो. नुसत्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर थांबू नका.

३. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी. ही चाळणी आहे. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे पक्के होते. आयुष्यात एकदा नीट केली की पुरे. या निकालाचे कार्ड आधारकार्डासारखे जपा.

४. फेरिटिन. लोहाचा साठा सांगणारी चाचणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने पाच वर्षांखालील मुलांत १२ आणि मोठ्यांत १५ पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे साठा संपलेला. ताप, संसर्ग किंवा सूज असताना हा आकडा खोटा वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी करा. अस्वस्थ पायांचा त्रास असेल तर फेरिटिन ७५ च्या खाली असले तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात.

फेरिटिन गावाजवळच्या दवाखान्यात होतेच असे नाही. तेवढ्यासाठी उपचार अडवू नका. सिकलसेल नाही हे स्पष्ट असेल, तर डॉक्टर महिनाभर लोहाची गोळी देऊन हिमोग्लोबिन पुन्हा तपासतात. गोळी नियमित घेऊन एक ग्रॅम किंवा जास्त वाढ झाली, तर निदान बरोबर होते. वाढ झाली नाही तर गोळीचा रंग बदलून उपयोग नाही, कारण शोधावे लागते.

५. कारण. जंत, हिवताप, पाळीचा जास्त रक्तस्राव, मूळव्याध, पोटातला अल्सर, वेदनाशामक गोळ्यांची सवय. भोक बुजवले नाही तर वरून कितीही ओता, भांडे भरत नाही.

रिपोर्टमधल्या दोन ओळी वाचायला शिका

समजा, दोन मुलींचे रिपोर्ट समोर आहेत. पहिलीचे हिमोग्लोबिन ८.८, लाल पेशी ४.१, आणि एमसीव्ही, म्हणजे पेशींचा आकार, ६८. दुसरीचे हिमोग्लोबिन ११.४, लाल पेशी ५.८, एमसीव्ही ६४. दोघींच्या पेशी लहान आहेत, कारण मोठ्या माणसांत ८० च्या खाली म्हणजे लहान. दोघींना एकच टॉनिक मिळण्याची शक्यता दाट आहे.

आता एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागा. पहिलीचे उत्तर साडेसोळाच्या आसपास येते, दुसरीचे अकरा. उत्तर १३ च्या वर असेल तर लोह कमी असण्याचा कौल जास्त. १३ च्या खाली असेल तर थॅलेसेमियाचे वाहकत्व असण्याचा संशय घ्यावा. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना ‘एचपीएलसी करायची का?’ असे विचारण्याइतके बळ या भागाकारातून तुम्हाला मिळते. दुसरीला फेरिटिन न पाहता महिनोन्‌महिने लोह खाऊ घालण्यात अर्थ नाही. तिच्या लग्नाआधी जोडीदाराची तपासणी मात्र महत्त्वाची ठरेल.

घरात सिकलसेल असेल तर

याच मुद्द्यावर सर्वांत जास्त चुका होतात, त्याही दोन्ही बाजूंनी.

- वाहक (एएस) असाल तर सिकलसेलमुळे तुमचे रक्त कमी होत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर दुसरे कारण आहे, आणि ते बहुधा लोहच असते. ‘सिकल आहे म्हणून गोळी नको’ असे म्हणून वाहक मुलीची गोळी बंद करणे चूक.
- रुग्ण (एसएस) असाल तर लाल पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी राहते. त्यांतले लोह शरीरातच उरते. वारंवार रक्त चढवले असेल तर लोह साठत जाऊन यकृत आणि हृदयाला इजा होते. अशा रुग्णाने फेरिटिन पाहिल्याशिवाय, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय लोहाची गोळी किंवा टॉनिक घेऊ नये. त्याला लागणारे फॉलिक अ‍ॅसिड लोहाशिवाय, वेगळ्या गोळीत मिळते.
- रुग्णालाही लोहाची कमतरता होऊ शकते, विशेषतः पाळी जास्त जाणाऱ्या मुलींत आणि गरोदरपणी. तेव्हा डॉक्टर मोजून-मापून लोह देतात. नियम ‘कधीच नाही’ असा नसून ‘तपासल्याशिवाय नाही’ असा आहे.
- मेंदूचा धोका इथे वेगळा असतो. सिकलसेलच्या मुलांमध्ये लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. अभ्यासात अचानक घसरण, बोलण्यात अडखळणे, एका हातातली वस्तू गळून पडणे याकडे टॉनिकच्या आशेवर दुर्लक्ष करू नका.

शाळेत किंवा आश्रमशाळेत गोळ्या वाटण्याआधी शिक्षकांना आणि आशाताईंना कार्ड दाखवा. सांगायला संकोच करू नका. पालकांनी सांगितल्याशिवाय त्यांना कळायला दुसरा मार्ग नसतो.

सरकारी गोळ्या कोणाला, किती

२०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात प्रतिबंधासाठी पुढील मात्रा फुकट मिळतात :

- ६ महिने ते ५ वर्षे : सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर (२० मिलिग्रॅम लोह)
- ५ ते ९ वर्षे : गुलाबी गोळी, आठवड्यातून एक (४५ मिलिग्रॅम)
- १० ते १९ वर्षे : निळी गोळी, आठवड्यातून एक (६० मिलिग्रॅम)
- २० ते ४९ वर्षांच्या स्त्रिया : लाल गोळी, आठवड्यातून एक (६० मिलिग्रॅम)
- गर्भवती : चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस

ही मात्रा रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त आधीच कमी असेल तर उपचाराची मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टर किंवा आरोग्यसेविका ठरवतात. मुलाला ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया असेल, मूल तीव्र कुपोषित असेल, तेव्हा सिरप थांबवून दवाखान्यात विचारा. आपल्या जंगलपट्ट्यात ताप आला की आधी हिवतापासाठी रक्त तपासा.

जंतनाशक अल्बेंडाझोल दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या मोहिमेत मिळते. आकडीकृमी अनवाणी पायांतून शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. त्यामुळे गोळीइतकेच महत्त्व शेतात चप्पल आणि घरात शौचालय यांना आहे.

गोळी लागू पडावी म्हणून

- रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री घ्या. थोडी कमी शोषली गेलेली गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा बरी.
- चहा आणि दुधापासून निदान एक तास लांब ठेवा.
- गरोदरपणी कॅल्शियमची गोळीही मिळते. दोन्ही एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचे.
- शी काळी होणे साहजिक आहे, घाबरू नका. गोळी बंद असताना डांबरासारखी चिकट काळी शी झाली तर मात्र तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.
- सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वरून पाणी पाजा, म्हणजे दात काळे पडणार नाहीत.
- रोज दोन-तीन गोळ्या खाल्ल्याने रक्त झपाट्याने भरत नाही. एक डोस घेतल्यावर यकृतातून सुटणारे हेप्सिडिन दिवसभर पुढच्या लोहाचे शोषण दाबून धरते. म्हणूनच काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. गरोदर बाईने मात्र स्वतःहून हा बदल करू नये.
- हिमोग्लोबिन बरोबर आले की थांबू नका. साठा भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात, आणि मेंदूला उपयोग त्या साठ्याचा आहे.
- गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलाने रंगीत गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेतते. तो ठीक दिसत असला तरी लगेच दवाखान्यात न्या.

ताटात काय असावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या बाईला रोज २९ आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागते. पांढऱ्या तांदळात ते फार कमी, ज्वारीत बरे, बाजरीत आणखी बरे. भातावर भर असलेल्या घरांनी दिवसाचे निदान एक जेवण भाकरीचे ठेवावे.

लोह किती खाल्ले यापेक्षा किती अंगी लागले हे महत्त्वाचे. मांस, मासळी, कलेजी यांतले लोह सहज शोषले जाते. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतले कमी. पण त्याला आंबटाची जोड दिली की शोषण वाढते. आपल्या स्वयंपाकात ही जोड आधीपासून आहे :

- आंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा. आंबटपणामुळे कढईतले लोहही भाजीत उतरते. शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.
- तूर, चवळी, हरभऱ्याच्या वरणावर कच्चे लिंबू पिळा, सांबार (कोथिंबीर) भरपूर घाला. लिंबू उकळत्या वरणात घालू नका, क जीवनसत्त्व जाते.
- कडधान्ये मोड आणून खा. मोडांनी शोषणातला अडथळा कमी होतो.
- आवळा, बोरे, पेरू, कच्चा टोमॅटो जेवणाबरोबर असू द्या.
- मांसाहार करत असाल तर आठवड्यातून एक-दोनदा थोडी कोंबडीची कलेजी, मासोळी, सुकट. थोडे मटण-मासे ताटात असले तरी त्यांच्या संगतीने डाळ-भाजीतले लोहही जास्त शोषले जाते.
- शेवग्याचा पाला, तरोटा, चवळीची भाजी, तीळ, अळिवाचे लाडू.

आणि काही भ्रम सोडा. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून त्यांत लोह भरपूर असते असे नाही, ते थोडेच असते. पालकातले लोह फारसे अंगी लागत नाही. अंडे प्रथिनांसाठी उत्तम, लोहासाठी सामान्य. गुळाचा खडा चांगला, पण तेवढ्याने रक्त भरत नाही.

जेवण झाल्याबरोबर घेतलेला चहा त्या जेवणातले निम्म्याहून अधिक लोह अडवू शकतो. चहा सोडू नका, तासभर मागेपुढे करा. खर्ऱ्याचे तसे नाही. तो सोडायलाच हवा. त्यातल्या सुपारीतही चहासारखे लोह अडवणारे टॅनिन आहे, खर्ऱ्याने भूक मरते, आणि तोंड उघडेनासे झाले की भाकरी चावणेच बंद होते. बाया आणि शाळकरी पोरेही खर्रा खातात, म्हणून हे स्पष्ट लिहिले.

कोणी काय करावे

गर्भवती. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती चुकवू नका. पहिल्याच भेटीत सिकलसेल तपासून घ्या आणि पॉझिटिव्ह आल्यास नवऱ्याचीही चाचणी करा. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. बाळ रडले, ठीक असले तर नाळ एक ते तीन मिनिटांनी कापावी, असे बाळंतपणाआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा. तेवढ्या वेळात बाळाला मिळणारे रक्त पुढच्या कित्येक महिन्यांचे लोह पुरवते.

बाळ. सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर डाळ, भाजी, मांसाहारी घरात कुस्करलेली कलेजी. वर्षाच्या आत गाईचे-शेळीचे वरचे दूध पाजत राहिल्याने लोह घटते. कमी वजनाच्या बाळाला लोह दोन महिन्यांपासूनच लागते, आशाताईंना आठवण करून द्या.

शाळकरी मुले. ‘मठ्ठ’ ठरवण्याआधी सीबीसी, सिकलसेल, डोळे आणि कान तपासा. आश्रमशाळेत मूल असेल तर सुट्टीत घरी आल्यावर नखे, पापण्या आणि तब्येतीचे कार्ड पाहा.

कामगार पुरुष. सिमेंट कारखान्यात किंवा खाणीत वार्षिक तपासणी झाली असेल तर अहवालाची प्रत मागून घ्या आणि ठेकेदाराकडे असाल तरी मागा. पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी असणे कधीच ‘चालायचेच’ नसते. पोटात, आतड्यात कुठे रक्त जाते का, हे पाहावेच लागते.

वयस्कर. विसरभोळेपणा आला की आधी बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब आणि झोप तपासा. विशेषतः शाकाहारी घरात बी-१२ कमी असल्याने विस्मरण आणि हातापायांना मुंग्या येतात, तिथे लोहाचा उपयोग नाही. पार्किन्सन किंवा अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत लोह साचलेले आढळते हे खरे, पण त्यामुळे भाजी-भाकरीला घाबरू नका. पार्किन्सनच्या सुरुवातीच्या रुग्णांना लोह बाहेर काढणारे औषध देऊन पाहिले, तेव्हा त्यांचा त्रास वाढला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. कमी नसताना गोळी नको, आणि उगाच लोह तोडायलाही नको.

तुमचे हक्क

- १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून गडचांदूर-कोरपन्याचे सरकारी दवाखाने, राजुऱ्याचे उपजिल्हा रुग्णालय, आणि पुढे चंद्रपूर. वर पाठवताना चिठ्ठी लिहून मागा.
- जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गर्भवतीला आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत. वाहनासाठी १०२, तातडीसाठी १०८, सल्ल्यासाठी १०४.
- आदिवासी उपयोजना क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गर्भवती आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक पूर्ण जेवण मिळते. ते तिथेच बसून खावे. घरी नेले की वाटणी होते आणि आईच्या वाट्याला उरतच नाही.
- १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. तपासणी आणि कार्ड मोफत मिळते.
- सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करा. सरकारी रक्तपेढीत या रुग्णांकडून रक्ताचे प्रक्रिया शुल्क घेतले जाऊ नये.
- प्रत्येक तपासणीचा लेखी अहवाल मागा. ‘रक्त थोडे कमी आहे’ हा अहवाल नव्हे. आकडा आणि तारीख हवी.

लगेच दवाखाना गाठा

- हिमोग्लोबिन ७ च्या खाली. गर्भवतीत ५ च्या खाली असेल तर त्याच क्षणी भरती
- बसल्या जागी धाप, छातीत दुखणे, पायांवर सूज, बेशुद्धी
- सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, असह्य वेदना, अचानक पांढरे पडून पोट फुगणे
- तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलता न येणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ६८.९ टक्के मुलांचे आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांचे रक्त कमी निघाले. म्हणजे हे दुखणे शेजारच्या घरातच असेल असे समजू नका. या महिन्यात एवढे करा : घरातल्या प्रत्येकाचे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा निकाल एका वहीत तारखेसह लिहा, दोन वर्षांखालच्या बाळाचे नाव सर्वांत वर ठेवा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. टॉनिक घ्यायचे की नाही, हे त्या वहीतले आकडे बघून ठरवा.